फिरत्या रंगमंचाखालची माणसे

आपल्याकडच्या नाट्यपरीक्षणाचा एक साचा ठरून गेलेला आहे. पहिल्या परिच्छेदात नाटककार, दुसऱ्या-तिसऱ्यात कथानक, मग दिग्दर्शक, त्यानंतर नटनट्यांची हजेरी; आणि शेवटी, जागा उरलीच तर, 'नेपथ्य व प्रकाशयोजना नाटकाला पूरक होती' असे एक वाक्य. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की ते छापखान्यात कायमचे जुळवून ठेवलेले असावे, असा संशय येतो. पूरक म्हणजे नेमके काय? आमटीतल्या मिठाला कोणी पूरक म्हणते का? ते नसले तर पहिल्याच घासाला कळते. असले तर कोणी नाव काढत नाही. पडद्यामागच्या माणसाचे आपल्या रंगभूमीवर असेच झाले आहे. चूक झाली तर तो सगळ्यांना दिसतो. काम साधले तर तो नाहीसा होतो.

या लेखात मला त्या एका वाक्याशीच भांडायचे आहे. भांडण समीक्षेचे आहे, तितकेच पोटाचेही आहे. नंदगडसारख्या गावातून एखाद्या पोराला नेपथ्यात, प्रकाशयोजनेत किंवा ध्वनीत आयुष्य काढावेसे वाटले, तर त्याला काय सांगायचे, हा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. त्याचे उत्तर शोधताना वाट पुन्हा समीक्षेच्याच दारात येते, म्हणून सुरुवात एका नाटकापासून करतो.

नाटक आपल्या सीमाभागाच्या ओळखीचे आहे. आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिल्यांदा रंगमंचावर आले. मो. ग. रांगणेकरांनी ते बसवले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हा त्याचा नायक म्हणा की खलनायक म्हणा. अनेक नावांनी, अनेक वेषांनी माणसांना फसवणारा हा इसम न्यायालयात उभा राहून प्रत्येक आरोपाला 'तो मी नव्हेच' म्हणतो. प्रभाकर पणशीकरांनी त्यातल्या पाच भूमिका केल्या आणि पुढची कित्येक दशके ते आणि लखोबा ही दोन नावे एकत्रच घेतली गेली. या नाटकावर जे लिहिले गेले ते बहुतेक अत्र्यांच्या संवादांवर आणि पणशीकरांच्या बहुरूपीपणावर. ते योग्यच आहे. पण तिसरा एक भागीदार त्यात होता, तो म्हणजे फिरता रंगमंच. त्याचा उल्लेख होतो तो गंमत म्हणून, नवलाई म्हणून. त्याने नाटकात काय केले, हे क्वचितच विचारले जाते.

नाटकाची रचना पाहा. न्यायालय हे मूळ स्थळ. साक्षीदार येतो, आपली हकीकत सांगू लागतो आणि ती हकीकत प्रवेश होऊन आपल्यासमोर घडते. प्रवेश संपला की पुन्हा न्यायालय. पुढचा साक्षीदार, पुढची हकीकत. असे नाटक जुन्या पद्धतीने पडदा पाडून केले, तर दर बदलाला दोन मिनिटे धरली तरी दहा बदलांची वीस मिनिटे होतात. मिनिटांपेक्षाही मोठे नुकसान वेगळेच आहे. पडदा पडला की प्रेक्षक खुर्चीत सैलावतो, शेजाऱ्याशी बोलतो, शेंगदाणे काढतो. साक्ष आणि घटना यांच्यामधला धागा तिथे तुटतो. रंगमंच फिरला की तो तुटत नाही. साक्षीदाराचे वाक्य हवेत असतानाच जागा बदलते. ऐकलेले पाहिलेले होते. न्यायाधीशाला जे फक्त कानांनी कळणार, ते प्रेक्षकाला डोळ्यांनी कळते. आणि म्हणूनच समोर उभा असलेला लखोबा 'तो मी नव्हेच' म्हणतो तेव्हा आपण हसतोही आणि चिडतोही. आपण साक्षीदारांच्या बाजूने बसलेले असतो. तिथे आपल्याला बसवले ते त्या लाकडी तबकडीने.

ही तबकडी म्हणजे काय, हे ज्यांनी कधी आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मध्ये एक भक्कम खुंटा, त्याभोवती वर्तुळात चाके, चाकांवर फळ्यांची जमीन. तबकडीच्या मध्यावर आडवी भिंत, म्हणजे पुढे एक स्थळ आणि पाठीमागे दुसरे. पुढे नट बोलत असताना मागच्या अर्ध्यात माणसे अनवाणी पायांनी खुर्च्या हलवतात, तसबिरी बदलतात, टेबलावरचा चहाचा कप कुठल्या बाजूला ठेवायचा ते पाहतात. कायमच्या नाट्यगृहात अशी तबकडी जमिनीत बसवता येते. दौऱ्यावरच्या मंडळींना मात्र ती सुटी करून मोटारीतून न्यावी लागते, दर गावी नव्या रंगमंचावर जोडावी लागते. जमीन बोटभर तिरकी असली तरी चाक अडते. अडलेले चाक कुरकुरते. आणि ती कुरकुर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. फिरण्याचा वेग हाही अभिनयाइतकाच तालाचा भाग. फार जोरात फिरवली तर उभा नट डगमगतो, हळू फिरवली तर टाळी थंड होते.

जपानच्या काबुकी रंगभूमीवर नामिकी शोझो याने १७५८ मध्ये असा फिरता रंगमंच आणला. युरोपात म्युनिकला कार्ल लाउटेनश्लेगर याने १८९६ मध्ये विजेवर फिरणारा रंगमंच उभारला. कलकत्त्यात सतू सेन यांनी १९३०च्या दशकात तो आणला. म्हणजे कल्पना नवी नव्हती. रांगणेकरांचे श्रेय असे की, त्यांनी नाटकाच्या पोटातली गरज ओळखली आणि तिला शोभेल ते यंत्र निवडले. यंत्र आहे म्हणून वापरले, असे ते झाले नाही.

आता समीक्षकाने विचारावा असा दुसरा प्रश्न. या तबकडीने नाटकाचे काही नुकसानही केले का? माझ्या मते केले. फसवल्या गेलेल्या माणसांचे दुःख हे या नाटकाचे खरे भांडवल. पण रंगमंच इतक्या चपळाईने फिरतो की एकेका दुःखापाशी थांबायला प्रेक्षकाला उसंतच मिळत नाही. एक फसवणूक संपते न संपते तोच दुसरी समोर येते, आणि आपले लक्ष फसलेल्या बाईकडून फसवणाऱ्याच्या नव्या वेषाकडे जाते. पुढच्या खेपेला हा कोण होऊन येणार, ही उत्सुकता करुणेवर मात करते. हा दोष संहितेत बीजरूपाने आहेच. पण तो फुलवला फिरत्या रंगमंचाने. नेपथ्याला अर्थ असतो म्हणजे हेच. ते नाटकाला उचलते तसे वाकवतेही. ज्याच्यात नाटक वाकवण्याची ताकद आहे, त्याला 'पूरक' म्हणून वासलात लावणे हा समीक्षेचा आळस आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण दहा वर्षांनी आले. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाले. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. येथे तबकडी नाही, चौकट नाही, भिंत नाही. भिंत आहे ती माणसांची. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण गातात, डोलतात, पाठ फिरवतात, आणि त्यांच्या हालचालीतून वाडा, रस्ता, पडदा, आडोसा असे सारे निर्माण होते. जे लपवायचे ते ही भिंत लपवते आणि उघडे पाडायचे ते उघडे पाडते. या नाटकात नेपथ्य नव्हते असे म्हणणारे मला भेटले आहेत. मी म्हणतो, नेपथ्य होते. फक्त ते जेवत होते, गात होते आणि घामाघूम होत होते. फिरती तबकडी आणि माणसांची भिंत, दोघांचे काम एकच: प्रवेशांमधली फट बुजवणे आणि त्या बुजवण्यातूनच काहीतरी म्हणणे. एकाने ते सुतारकामाने साधले, दुसऱ्याने शरीरांनी. ही तुलना परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत मावणारी नाही.

मग प्रश्न असा की, हे काम करणारी माणसे येतात कुठून आणि शिकतात कुठे?

मराठी नाटकाचा पाळणा आपल्या या भागाला लागूनच हलला, याचा आपल्याला नेहमी अभिमान वाटतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' १९०८ मध्ये हुबळीत स्थापन झाली. ही नावे आपण भाषणांत घेतो. पण या कंपन्यांचे पडदे कोणी रंगवले, हे विचारले तर सभेत शांतता पसरते.

तेही सांगण्यासारखे आहे. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले, आणि पडद्यांनीच त्यांना 'पेंटर' हे आडनाव दिले. त्या काळी नाटकाला जाणारा माणूस पडदा उघडताच दिसणाऱ्या महालालाही टाळी देत असे. राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य. सपाट कापडावर खोली निर्माण करण्याची ती विद्या होती. पडद्यावरचा खांब कुठल्या बिंदूकडे झुकायचा, उजेड कुठून येतो असे मानून सावली टाकायची, समोरच्या तळदिव्यांत हिरवा रंग काळपट दिसतो म्हणून तो किती उजळ लावायचा, या गोष्टी हाताखाली राहूनच कळत. पुढे 'ललितकलादर्श'मध्ये मामा वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम' या १९२२ च्या नाटकासाठी पु. श्री. काळे यांनी नेपथ्याला वास्तव खोलीकडे वळवले. रंगवलेल्या दारातून आत-बाहेर करण्याचा जमाना तिथून मागे पडू लागला.

बाबूरावांची पुढची वाटचाल अधिक बोलकी आहे. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी कोल्हापुरात कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. याच दोघांनी पुढे 'प्रभात'मध्ये १९३६ मध्ये 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. व्ही. शांतारामांनी पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत पडेल ते काम केले, हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबले, आणि मग बाबूरावांकडे गेले. ब्रश, करवत आणि हातोडी घेऊन निघालेल्या माणसांनी एक उद्योग उभा केला. त्यांच्यापैकी कोणाकडे पदवी नव्हती. पण त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या: राहायला-जेवायला देणारी कंपनी, शिकवणारा गुरू, आणि नाव घेणारा प्रेक्षक.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि कंपन्यांची घडी विस्कटली. कंपनी बुडाली तेव्हा नटांचे हाल झाले, ते आत्मचरित्रांतून आपण वाचले. पण त्याबरोबर एक शाळाही बुडाली, हे कोणी फारसे लिहिले नाही. बारा महिने एका छताखाली राहणारा सुतार, शिंपी, रंगारी, दिवेवाला विखुरला. पुढे व्यावसायिक रंगभूमी पुन्हा उभी राहिली ती 'नाइट'च्या हिशेबावर. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. नटाला मालिका आहेत, चित्रपट आहेत. मागच्या माणसाला प्रयोगाशिवाय काही नाही. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा हे उघड्यावर आले. पहिल्याच महिन्यात ज्यांच्या चुली थंडावल्या ते बॅकस्टेजवाले होते, आणि त्यांच्यासाठी रंगकर्मींना वर्गणी गोळा करावी लागली. एखाद्या कलेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक महिना तग धरता येत नसेल, तर त्या कलेच्या हिशेबात काहीतरी मुळातच चुकले आहे.

कन्नड व्यवसायी रंगभूमी आपल्या शेजारीच. गुब्बी वीरण्णांच्या कंपनीने हत्ती-घोडे रंगमंचावर आणले. आपल्याच जिल्ह्यातल्या एणगी गावचे बाळप्पा शंभरी ओलांडेपर्यंत जगले आणि त्यांनी 'कलावैभव' संघ चालवला. त्याही कंपन्यांत पडदे, ट्रिक सीन, वीज चमकवणे, देव अवतरवणे यांचे जाणकार होते. भाषा वेगळी, दोरी ओढायची रीत एकच. पडद्यामागच्या माणसाला सीमावाद फारसा ठाऊक नसतो. खिळा दोन्ही भाषांत एकाच हातोडीने बसतो.

आता आमच्या गावाकडे येतो. नंदगड हे खानापूर तालुक्यातले जुने बाजाराचे गाव. २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णांना इथे फाशी दिले गेले आणि त्यांची समाधी इथे आहे. गणपतीत, यात्रेत नाटके करण्याची परंपरा या साऱ्या पट्ट्यात आहे. माझ्या आठवणीतल्या गावच्या नाटकाला चार पडदे पुरत: राजवाडा, रस्ता, झोपडी आणि जंगल. ते भाड्याने येत, ड्रेपरीच्या ट्रंकांबरोबर. उजेडासाठी गॅसबत्त्या, पुढे वीज आली तेव्हा पत्र्याच्या डब्यात बसवलेले बल्ब, त्यांवर पतंगाचा रंगीत कागद. उजेड हळूहळू कमी करायचा तर मिठाच्या पाण्याचा डिमर. भांड्यात मिठाचे पाणी, त्यात दोन धातूच्या पट्ट्या. एक वर उचलली की अंतर वाढते, प्रवाह कमी होतो, दिवा मंदावतो. धोक्याचे काम होते. पण ते करणाऱ्याला उजेड हाताने कळत असे. सूर्य किती वेळात मावळतो, हे त्याच्या मनगटात होते.

आज यात्रेच्या नाटकाला एलईडीच्या पार दिव्यांची रांग असते, धूर सोडणारे यंत्र असते, मागे मोठा पडदा आणि त्यावर हलती चित्रे. याला माझा विरोध नाही. हजार वॉटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो. असे बारा लावले तर पन्नास अँपिअरच्या वर जातात, आणि मंडपाच्या तात्पुरत्या जोडणीवर तो भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. एलईडीने तो भार कितीतरी कमी केला, हे उपकारच आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. दिवे आले, त्यांच्यामागची नजर आली नाही. आईच्या मृत्यूच्या प्रसंगात जांभळा आणि हिरवा झोत नटीच्या तोंडावर आळीपाळीने फिरतो. एका एकांकिका स्पर्धेत मी प्रेक्षकांत होतो; प्रकाशयोजनेचे बक्षीस सर्वात जास्त दिवे लावणाऱ्या संघाला गेले, आणि एकाच खिडकीतून येणाऱ्या उन्हावर पाऊण तास तोलून धरलेली एकांकिका रिकाम्या हाताने परत गेली. तो दिवेवाला पोरगा त्या दिवशी काय शिकला असेल? पुढच्या वर्षी भाड्याने जास्त दिवे आणायचे, एवढेच.

इथे समीक्षेचे काम सुरू होते. उजेडाची पारख करायला काही साध्या कसोट्या आहेत आणि त्या कोणत्याही जाणत्या प्रेक्षकाला लावता येतात. पहिली, जे दिसायला हवे ते दिसते का? बोलणाऱ्याचे डोळे अंधारात असतील तर बाकी सगळी करामत फुकट. दुसरी, चेहऱ्याला गोलाई आहे का? अमेरिकेच्या स्टॅन्ले मॅककँडलेस याने १९३२ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की दोन बाजूंनी, वरून साधारण पंचेचाळीस अंशांत उजेड टाकावा, एक उबदार आणि एक थंड छटेचा. चेहरा सपाट दिसत नाही तो त्यामुळे. हे करायला चार दिवे पुरतात, चाळीस लागत नाहीत. तिसरी, उजेड नजरेला कुठे जायचे ते सांगतो का? आणि चौथी, सर्वात अवघड: उजेड बदलला तेव्हा नाटकातही काही बदलले का? बदल उगाच झाला असेल, तर तो वाक्यात चुकून पडलेल्या स्वल्पविरामासारखा खटकला पाहिजे.

तापस सेन यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. १९५९ मध्ये उत्पल दत्तांच्या 'अंगार' या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाते आणि खाणकामगार बुडतात, हा परिणाम त्यांनी उजेडाने साधला. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. लोक तो प्रसंग पाहायला मिनर्व्हा थिएटरात गर्दी करत. उजेडाने नाटक गिळले की उजळले, असा वाद अशा प्रयोगांवर नेहमीच घालता येतो, आणि घालावा. कारण ज्या कलेवर वाद होतो तीच कला म्हणून जगते. तापस सेनांचे नाव बंगालबाहेर आपल्यापर्यंत पोचले ते त्या कामावर लोक बोलले, लिहिते झाले म्हणून.

नंदगडपुरतेच बोलायचे तर रायण्णांच्या फाशीचा प्रसंग घ्या. रायण्णांवरची नाटके कन्नडमध्ये होतात. हा प्रसंग रंगमंचावर कसा दाखवाल? कमरेला पट्टा बांधून नटाला खरोखर लटकवणारे आहेत. त्यात जिवाला धोका आहे आणि प्रेक्षक हौतात्म्य पाहण्याऐवजी गाठ सुटते की काय हे पाहतो. त्याऐवजी मागे पांढरे कापड, खाली एकच दिवा, आणि झाडाच्या फांदीची वाढत जाणारी सावली. नटाने फक्त मान वर करायची. खर्च शून्याच्या जवळ, धोका नाही, आणि त्या सावलीखाली सारे गाव बसलेले. हा विचार ज्याला सुचतो तो तंत्रज्ञ आहे. दिव्याची कळ दाबणे वायरमनही करतो.

सुरक्षेचा मुद्दा मी सहज काढलेला नाही. कोल्हापूरचे पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१५ मध्ये खुले झालेले, पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पुनर्बांधणी हाती घेतली गेली, हे चांगलेच. पण लाकूड, कापड, रंग आणि वीज एकत्र नांदणारी जागा जाणकार माणसाशिवाय चालवू नये, हा धडा आपल्या प्रत्येक यात्रेच्या मंडपालाही लागू आहे.

आयटीआय करून वायरमन झालेला आमच्याकडचा एक तरुण आहे. यात्रेच्या नाटकांत दिवे तोच सांभाळतो. त्याने मला विचारले, "सर, ह्यात पोट भरतंय काय?" मी त्याला जे सांगितले ते इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न विचारणारा तो एकटा नसेल.

शिकण्याच्या वाटा आज आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, त्याचे एक केंद्र बंगळुरूला आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यविभाग या मराठीतल्या वाटा. आणि कन्नड येत असेल, जे आपल्या पोरांना बहुधा येते, तर शिमोगा जिल्ह्यातले हेग्गोडू. के. व्ही. सुब्बण्णांनी त्या खेड्यात १९४९ मध्ये 'नीनासम' उभी केली आणि १९८० मध्ये नाट्यशिक्षणाची संस्था सुरू केली. तिथून निघणारे 'तिरुगाट' हे फिरते पथक १९८५ पासून कर्नाटकभर नाटक घेऊन जात आले आहे. खेड्यात राहून रंगभूमीचे तंत्र शिकता येते, याचा दुसरा पुरावा नको. दोन भाषा येणे हे सीमाभागाचे दुखणे मानले जाते. या व्यवसायात ते भांडवल आहे. दोन रंगभूम्यांची दारे त्याने उघडतात.

शिकायचे काय, तर मोजमाप आधी. रंगमंचाचा नकाशा आणि छेद काढता आला पाहिजे, लहान प्रतिकृती करता आली पाहिजे, विजेचा भार कागदावर मांडता आला पाहिजे, आणि संहिता तीनदा वाचता आली पाहिजे. शेवटची गोष्ट सर्वात जास्त टाळली जाते. नाटक न वाचलेला प्रकाशयोजनाकार हा रुग्ण न तपासता औषध देणारा डॉक्टर आहे.

पोटाबद्दल खोटे सांगण्यात अर्थ नाही. फक्त नाटकावर बेळगाव परिसरात घर चालवणे आज कठीण आहे. जे टिकले आहेत ते लग्नाचे मंडप, शाळांची स्नेहसंमेलने, चित्रीकरण, सभा अशी कामे जोडीला करतात. त्यात कमीपणा नाही. बाबूराव पेंटरही एकाच कामावर बसले नव्हते. पण एक शक्यता मला खुणावते. विदर्भाच्या झाडीपट्टीत वडसा-देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचे केंद्र झाले आहे. दिवाळीनंतर तिथला हंगाम सुरू होतो, गावोगाव नाटके होतात, आणि नटांबरोबर रंगमंच, पडदे, दिवे, ध्वनी पुरवणाऱ्यांचाही हंगाम चालतो. तिकडच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शेतीचा हंगाम आणि नाटकाचा हंगाम यांची सांगड त्या लोकांनी घातली. आपल्याकडे यात्रा आहेत, प्रेक्षक आहे, दोन भाषांची नाटके आहेत. खानापूर, बेळगाव, निपाणी, चंदगड या पट्ट्यात पाच-सहा जाणत्या तरुणांनी मिळून दिवे, लेव्हल्स, पडदे यांचा एक चांगला संच केला आणि त्याबरोबर डोकेही भाड्याने दिले, तर वर्षातले काही महिने हा धंदा चालू शकेल. मात्र त्यासाठी गावांना चांगले आणि वाईट यांतला फरक कळावा लागेल. नुसते दिवे भाड्याने देणाऱ्याशी बोली लावताना विचार करणारा माणूस नेहमी महागच वाटणार.

तो फरक कळवणे हे लिहिणाऱ्यांचे काम आहे. नटाचा चेहरा लोकांच्या लक्षात राहतो, गायकाची ध्वनिमुद्रिका उरते. प्रकाशयोजनेचे काय उरते? प्रयोग संपला की कळ बंद होते आणि निर्मिती नाहीशी होते. त्या कामाची नोंद फक्त पाहणाऱ्याच्या लेखणीत राहू शकते. पुढचे काम मिळण्यासाठी त्या माणसाकडे दाखवायला दुसरे काहीच नसते. म्हणून परीक्षणात त्याच्यावर लिहिलेला एक नेमका परिच्छेद, स्तुतीचा असो की टीकेचा, त्याच्या मजुरीचाच भाग आहे. आपण 'पूरक' लिहून तो कापून घेतो.

राज्य नाट्यस्पर्धेत १९५४ पासून हौशी रंगभूमीची परीक्षा होत आली आणि नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके मिळू लागली, हे मोठेच काम झाले. पण पारितोषिकाची ओळ निकालपत्रात राहते. कशासाठी दिले, ते कुठे लिहिले जात नाही. परीक्षकांनी दोन वाक्यांत कारण लिहावे, एवढी साधी सुधारणाही पुष्कळ करेल.

आपल्या गावांना माझी सूचना त्याहून साधी आहे. यंदा यात्रेच्या नाटकाचे हँडबिल छापाल तेव्हा देणगीदारांच्या यादीखाली चार ओळी जास्त घ्या. नेपथ्य कोणाचे, उजेड कोणाचा, आवाज कोणाचा, रंगभूषा कोणाची, ती नावे पूर्ण छापा. 'लाइट व डेकोरेशन' एवढ्यावर भागवू नका. नाटक संपल्यावर नटांबरोबर त्यांनाही पुढे बोलवा. ते लाजतील, मळक्या कपड्यांची सबब सांगतील, तरी बोलवा. आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर नाटकाची चर्चा होईल तेव्हा एकाने तरी विचारावे, "काल तिसऱ्या अंकात उजेड अचानक का बदलला रे?" उत्तर द्यायला तो वायरमन तिथे असेल. त्याला कारण देता आले, तर त्याचे शिक्षण सुरू झाले. नाही देता आले, तर पुढच्या वर्षी तो कारण शोधून येईल.